गराचं तापमान

सावदा, ग्रामीण रुग्णालय, खोली नंबर चार.
जेलची बाटली, सहा रबरी फुगे, चार चिमटे.
लुकमान तडवी शर्ट काढतो,
आणि मेच्या दुपारी माझ्या बोटांना गारठा लागतो.
कोल्ड स्टोरेज अजून त्याच्या कातडीवर आहे.

आत साडेतेरा. बाहेर सेहेचाळीस.
मधे प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा,
दिवसातून पन्नास-साठदा तो त्यातून जातो, खांद्यावर क्रेट.
"आत गेलं का दम आवळते,
भाईर आलं का छाती धडधडते, ताई.
मधी मले जागाच नही."

कागद सरकत येतो.
रेघ चालते बरी, मग एक ठोका
वेळेआधीच दारात येऊन उभा,
आणि त्याच्यामागे
लांब गप्प.

थंडीनं नळ्या आखडतात, श्वासाच्या, रक्ताच्याही;
उन्हात रक्त कातडीकडे धावतं, घामानं घट्ट होतं.
ते डॉक्टर सांगतील.
मी विचारते, पौषात कसं असतं?

तो हसतो. खोकतो. पुन्हा हसतो.
"पारा पाचावर आला का मालक
रातभर बांधावर काडीकचरा पेटवतो.
केळीले ऊब पायजे ना.
ऊब केळीले, धूर आमाले."

मग न विचारताच सांगतो
केळी आत कशी नेतात ते.
एकदम नाही. दर तासाला थोडं थोडं उतरवत.
एक पोरगा येतो, फणीतली एक निवडतो,
तिच्या पोटात सुईचं थर्मामीटर खुपसतो,
वहीत लिहितो: गराचं तापमान.
"फार गार झालं तं साल काळी पडते,"
तो म्हणतो, हळू आवाजात,
घरातल्या आजारी लेकराबद्दल बोलावं तसा.

मी कागद फाडला. डॉक्टरांनी पंप दिला, चिठ्ठी दिली:
आतबाहेर करताना मधल्या खोलीत थांबणे.

पुढच्या गुरुवारी आला.
"थांबू देतात का?"
"इचारलंच नही. वहीत एक रकाना रिकामा व्हता."
त्या पोरानं त्याचं मनगट धरून लिहिलं होतं:
अकरा वाजता. गर साडेसोळा. लुकमान एकशे दहा.
"नव्वदच्या खाली आल्याबिगर
पोरगं दार उघडू देत नही भो."

कागदावर तो आगाऊ ठोका आज दोनदा.
मागच्या वेळी सात होते.
मी काही बोलले नाही, तारीख लिहिली.

सुटी झाल्यावर स्कूटीच्या सीटवर हात ठेवला,
झटकन उचलला.
पायऱ्यांवर, निंबाच्या सावलीच्या काठाशी,
जरा उभी राहिले.