इतर नावे

आजोबांच्या बहिणीचं पान उघडलंय.
मुख्य नाव : बेव्ह.
काल रात्री मी झोरा लिहून झोपले होते.

मेलबर्नचा ग्लेन, तिचा मुलगा,
मी झोपले की उठतो आणि बदलतो.
मी उठले की परत बदलते.
अकरा वेळा झालंय हे. भांडण म्हणावं
तर एका शब्दाची बोलाचाली नाही.

बाप्तिस्म्याच्या वहीत झोरा वोदोपिवेत्स.
झोरा म्हणजे पहाट, आडनाव पाणी पिणाऱ्यांचं.
ती दोन वर्षांची असताना कचेरीतून कागद आला :
यापुढे आउरोरा बेविलाक्वा.
तीच पहाट, तेच पाणी,
फक्त घरात कुणाच्या जिभेवर बसेना.
पुढे बिस्किटांच्या कारखान्यात
मुकादमाला एवढं लांबलचक कुठलं झेपायला,
त्यानं आडनावाचा शेंडा खुडला, बेव्ह,
आणि तीस वर्षं तोच तिच्या खिशावर शिवलेला.

आज मी इतर नावांखाली सगळी भरली,
साल, पुरावा, वहीचं पान.
मग आठवलं, आजोबा तिला नावानं हाकच मारत नसत.
नब्रेझिनाच्या दगडखाणीवरून दोन शिट्या :
एक लांब, एक तुटकी.
हे कुठल्या रकान्यात?
रकाना अक्षरंच मागतो.
खाली टीप म्हणून लिहून ठेवलं.

सकाळी मुख्य नाव पुन्हा बेव्हच.
पण टिपेखाली ग्लेनची एक ओळ :
बाजारात कुणीही शिट्टी वाजवली
की आई थांबायची. आम्हाला लाज वाटायची.