हात राखून

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा. जूनची दुपार.
फडकं गुंडाळल्याशिवाय पान्याला हात लागत नाही.
हुमैद म्हणतो, अजून खाली, मेस्त्री, अजून.
त्याची अठ्ठ्याऐंशीची पिकअप, पिस्त्याच्या बर्फीचा रंग,
आत बसून तो एअरबॅगची हवा सोडतोय :
फुस्स, मागचं बूड खाली.
फुस्स, पुढचं नाक.
म्हैस डबक्यात बसावी तशी गाडी फरशीवर बसते
आणि याच्या तोंडावर
पहिली सायकल मिळालेल्या पोराचं हसू.

दिसते झकास. मी कशाला नाही म्हणू?
उभ्या गाडीला कुठलीही उंची चालते.

सुतळी काढतो.
एक टोक शाहजालालच्या हातात : धर,
डाव्या रिमच्या अगदी बुडाशी.
दुसरं माझ्याकडे, उजवा टायर जमिनीला टेकतो तिथं.
ताण.
आता वाकून बघ, हुमैद. कंदूरा मळेल, मळू दे.
डावा टायर फुटला की गाडी या रेघेवर येणार.
रेघेखाली जे जे लोंबतंय ते रस्त्याचं.
सायलेन्सरचा वाक, खाली.
आर्मचा बोल्ट, खाली.
पेट्रोलची नळी सुतळीला टेकून,
मांजर पायाशी अंग घासतं तशी.

माझे टायर नवे आहेत, तो म्हणतो.
असतील.
मी ड्रॉवर उघडतो.
एक बोल्ट. डोकं अर्धं गेलेलं,
उरलेलं इतकं गुळगुळीत की त्यात ट्यूबलाइट दिसते.
मलिहाच्या रस्त्यावरचा, चार वर्षांपूर्वीचा.
मागून येणारा ट्रकवाला म्हणाला होता,
दिवाळीच चालली होती गाडीच्या पोटाखाली.
पोरगा वाचला. त्याचा उजवा हात
अजून खांद्याच्या वर जात नाही.
उंची कोणी ठरवली होती, हे हुमैद विचारत नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.
गिऱ्हाइकाला हवी तेवढी, एक बोट जास्त नाही,
अशी मीच.

आमच्यात एक शब्द आहे.
मीठ घालावं हात राखून.
उसने द्यावेत हात राखून.
फोनवर बायकोशी बोलावं, तेही.
अरबीत हे कसं म्हणतात मला ठाऊक नाही,
वीस वर्षं झाली तरी.
म्हणून मी गुडघ्यावर बसतो,
फरशीवर तळवा उभा करतो, करंगळी खाली,
अंगठा वर, आणि म्हणतो, हवा भर.
कॉम्प्रेसर घुरघुरतो. गाडीचं पोट उचलतं,
उचलतं, अंगठ्याला गार पत्रा लागतो, सुटतो.
बस.

मागे काय नेतोस?
जनरेटर. तंबू. कधी तीन मित्र.
मग आम्ही तिघं चढतो मागे,
मी, शाहजालाल, आणि हिशेबाची वही बगलेत धरून
बेबीच्चन, जो एकटाच दीड मित्र आहे.
गाडी दोन बोटं दबते.
शाहजालाल हसतो, तुमचं वजन बिलात लावा.
पुन्हा हवा. पुन्हा सुतळी. सायलेन्सर वर वेल्ड,
नळीला नवी वाट, चाकाच्या कमानीवर
पांढऱ्या रंगाची एक खूण.
या खुणेखाली चालवायची नाही.
आणि थांबल्यावर?
थांबल्यावर तुझी मर्जी. लोळव.

सहा वाजता तो निघतो.
मशिदीपाशी गतिरोधक आहे, बेरकी,
अर्ध्या शारजाचे सायलेन्सर खाल्लेला.
आम्ही चौघं दारात, पलीकडचा चहावालाही कप थांबवून,
कान तिकडे.
पुढची चाकं चढली, उतरली.
मग पोट.
मग मागची.
काही नाही वाजलं.
बेबीच्चन वही उघडतो.

पुढच्या सिग्नलला लाल दिवा.
एवढ्या लांबूनही कळतं, फुस्स,
पिस्त्याची बर्फी डांबरावर बसते,
शेजारच्या बसमधले मजूर खिडकीला नाक लावून बघतात.
मी सुतळी बोटांवर गुंडाळत उभा.
नव्वद सेकंदांचा आहे तो सिग्नल.
बसू दे.