फुटवा

करारनामा मीच वाचून दाखवला होता,
गोटुलाच्या ओट्यावर, बॅटरीच्या उजेडात.
तेव्हा बारावी पास मी एकटाच.
दहा कलमं झाली तोवर
तिकडं भात शिजला होता.
झुरू हलामी म्हणाला, "बस झालं गा, पोरं झोपून जातीन."
अकरावं मी डोळ्यांनीच वाचलं.
मोठ्यानं नाही.

आता तेच कलम कंपनीचे वकील
दाढेखाली लवंग धरल्यासारखं चघळतात:
उक्त झाडांपासून उद्भवणारे सर्व उत्पन्न.

नीलगिरी लावली. जमीन गावाची, रोपं कंपनीची,
राखण आमची, सही सगळ्यांची.
सातव्या वर्षी तोडली,
ट्रक गेले, हिशेबात आलं ते आलं.
मग भर उन्हाळ्यात
खुंटांच्या कडेकडेनं
तांबूस कोंब,
बाळंतपणातल्या पोराच्या कानांएवढे.
कोणी लावले नव्हते,
कोणी थांब म्हणालं नव्हतं.

कुरखेड्याला पुकारा झाला,
"बेलटोला ग्रामसभा हाजिर?"
बत्तीस माणसं उठली, बाकं करकरली.
साहेब म्हणाले, एक जण पुरे.
कोणी बसायचं
यातच बराच वेळ गेला.

मोजणीला कोर्टाचा कमिशनर आला.
नारिंगी रंगानं खुंटांवर आकडे टाकत चालला,
मागून फुलमत कोरेटी
खुंटागणिक एक चिंचोका ओट्यात टाकत.
त्याचे दोन हजार एकशे सात.
तिचे एकशे आठ.
पुन्हा मोजलं. तेच.
ऊन कलल्यावर तीच म्हणाली,
"एक तुमाले दिसनार नाही, साहेब.
पाल्याखाली हाये. त्याचे फुटवे मी तोडले.
पोरीच्या मांडवाले मेढी लागत होत्या, चार."

मी तिचा पदर ओढला.
तिनं सोडवून घेतला.
"लिवा जी," म्हणे.

लिहिलं त्यानं. तोडणी: एक खुंट, मेढी चार.
कंपनीचे वकील खूश, हा तर उघड करारभंग.
आमचे वकीलही खूश,
म्हणाले, बघा, गाव न विचारता तोडतं
म्हणजे ताबा गावाचाच.
चार मेढींवर
दोन्ही बाजूंचा मांडव उभा राहिला.
तारीख पडली. पुढची. नंतर तिच्या पुढची.

काल रात्री मी गोटुलात गेलो,
करार उघडला
आणि अकरावं मोठ्यानं वाचलं.
शेवटच्या शब्दापर्यंत.
कोणी काही बोललं नाही.
झुरू विडी विझवून तशीच कानामागं ठेवत होता.

फुलमतनं विचारलं,
"उद्भवनारे मंजे काय?"
"फुटणारे," मी म्हणालो.
"मंग तसं काहून नाही लिवलं?"

तिच्या दारचा मांडव अजून काढलेला नाही.
लेक केव्हाच सासरी गेली.
मेढींवर वाल चढला आहे,
शेंगा धरल्यात.
सकाळी जाताना तिनं
माझ्या खिशात मूठभर कोंबल्या.
मी मोजल्या नाहीत.