चष्म्याचा ल

दोनशे चाळीस रुपयांचा फरक होता.
खोटं कशाला बोलू, तेवढ्यासाठीच घेतला
सात डब्यांचा संच, फोनवरून,
रामबागेतल्या घरात पाय पसरून,
भाचीला लग्नात द्यायला.
वर नाव घालणं फुकट.
चौकटीत लिहा म्हणाले, लिहिलं.
चौथ्या दिवशी दारात खोकं.

प्रमिला पिंपलखरे.

सातही डब्यांवर.
अक्षर देखणं, छापल्यासारखं,
सात वेळा अगदी एकसारखं चुकलेलं.
तक्रार केली तर उत्तर आलं, लगेच आणि गोड:
आपल्या भावना आम्ही समजू शकतो.
भावना कसल्या,
ळ गेला होता माझा.

मग पिशवी घेतली आणि बर्तन बाजार गाठला.
मोडीराम कसेरा बसतो तिथे,
मागे पातेली टांगलेली, पुढ्यात घुर्र करणारी सुई.
माझ्या रुखवतातली कळशी त्याच्या बापाने कोरली होती.
तेव्हा निम्मं गिऱ्हाईक आपलंच,
काळे, पिंगळे, धुळेकर.
बापाने पोराला पाटीवर काढून दाखवलं:
हा साधा ल, आणि हा चष्म्याचा.
का म्हणून विचारायचं नाही. त्यांच्यात असतो.

मी डबे काढले. त्याने एकेक पालथा घातला.
बुडाला काळ्या-पांढऱ्या रेघांचा कागद चिकटलेला,
तो नखाने खरवडला, अर्धा निघाला, दिला सोडून.
"भेट आलेत," मी म्हटलं.
"हओ," तो म्हणाला.
त्या हओमध्ये दोनशे चाळीस रुपये होते,
सुट्टे.

"कोरलेलं पुसत नाही, बाई. स्टील आहे.
फार तर खाली पुन्हा घालतो, बरोबर."
घाल म्हटलं. फक्त आडनाव.
अक्षरी पाच रुपये, पाच अक्षरं, सात डबे.
वेलांटी, मात्रा, अनुस्वार यांचे तो घेत नाही,
बापानेही घेतले नव्हते.
एकशे पंचाहत्तर. रिक्षाचे साठ धरले
तरी पाच रुपये अजून माझ्या बाजूला.
हिशेब मनातल्या मनात झाला, लाजही तिथेच वाटली,
कुठलं आधी, आठवत नाही.

सुई लागली. दातांतून कळ गेली.
प, प सरसर.
ळ आला की हात हळू,
श्वास धरून दोन वाटोळी काढायचा,
मग मान मागे नेऊन बघायचा.
एकही ळ दुसऱ्यासारखा नाही.
तिसऱ्या डब्यावरच्याचा चष्मा तर
नाकावर घसरलाय.

पाचव्यानंतर सुईने जीव सोडला.
त्याने ती अंगठ्यावर टेकवून पाहिली, डबीत टाकली.
"सियागंजातलं ते दुकान उठलं दिवाळीत.
हिची सुई आता मिळत नाही.
पोरगा म्हणतो फोनवर मिळते,
पण तो पीथमपूरला, रात्रपाळी."
जरा थांबला.
"तुम्हाला येतं ना मागवता?"

मी चष्मा लावला.
दहा सुयांचं पाकीट, एकशे दहा.
"दहा?" तो म्हणाला,
"सियागंजात एकीचे पस्तीस होते."
आणि मग आम्ही दोघंही काही बोललो नाही.
समोरच्या दुकानात कोणीतरी परात वाजवून बघत होतं.

पत्ता भरला. गल्ली, बाजार, इंदूर.
फोन विचारत होता: जवळची ठळक खूण?
"खूण काय सांगू," डबे पुसता पुसता तो म्हणाला,
"इथे लोक आमचीच खूण सांगतात."
मी तेच लिहिलं.
फोनने मुकाट्याने घेतलं.

पैसे पाच डब्यांचेच घेतले त्याने.
दोन ठेवून आले आहे तिथे,
अर्ध्या कागदाचे, ळ नसलेले.
सुया मंगळवारी येणार म्हणतायत.
लग्न गुरुवारी.