मेथीच्या खाली

हिंगणघाटच्या आइस्क्रीमवाल्यानं दुकान मोडलं
तेव्हा ही पेटी आली, मालवाहू ऑटोत आडवी होऊन.
झाकणावर अर्धा मँगो कोन
आणि एका पोरीचं नुसतं हसू, बाकी पोरगी खरवडली गेलेली.
घासाघीस पंचफुलेनं केली, पैसे माझे, भिशीचे.
हे म्हणाले, "एवढ्या खोक्यात ठेवतं काय, मुडदा?"
मी म्हटलं, सोले.

पौषात तुरीच्या शेंगा भरतात.
सोलता सोलता नखात हिरवं जातं ते तिळगुळापर्यंत निघत नाही.
उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात,
मग जुन्या लुगड्यावर पसरून चांगले कोरडे,
मग पिशवी, तोंडानं हवा ओढून गाठ.
एका पिशवीत एका भाजीपुरतेच.
पहिल्या वर्षी पाच किलोचा एकच गोळा झाला होता,
वरवंट्यानं फोडावा लागला.

सांबार चिरून ठेवला तर रंग राहतो, वास जातो.
सीताफळाचा गर काळा पडतो, लिंबू पिळलं तरी.
हे कोणी सांगितलं नाही, नुकसान करून कळलं.
उजवीकडे चतुर्थीचा खवा,
डावीकडे, दोन पिशव्यांत, कवडू मडावीचे वणेतले झिंगे,
मध्ये वटाण्यांची भिंत, दोघांची ओळख होऊ नये म्हणून.
अर्धी पेटी तर शेजाऱ्यांचीच.
कोणाचं काय ते मी खडूनं भिंतीवर लिहिते.

लाइन गेली की वाकळ टाकायची, वर पोतं,
हिवताप आलेल्या माणसाला घालतात तसं.
आणि कोणी म्हणजे कोणीच झाकण उघडायचं नाही.

होळीच्या आधी, दुपारी चारला,
आधी बोरं पडली, मग लिंबं.
पत्रे असे वाजले की बोललेलं ऐकू येईना.
वीस मिनिटांत गहू झोपला, हरभरा मातीत गेला.
नारायणी तेवढ्यात अंगणात धावली,
एक गार उचलली, डब्याच्या झाकणात घातली,
आणि पेटीत, मेथीच्या खाली.
तिला नंतर खायची होती.

बाराव्या दिवशी तलाठी आले, भोयर.
गारा केवढ्या होत्या? हे म्हणाले, लिंबाएवढ्या.
कोणी आवळा म्हणालं, कोणी कोंबडीचं अंडं.
झिबल म्हणाला, नारळ.
झिबल त्या दिवशी नागपूरला होता.
भोयर हसले, आणि त्यांचा पेन थांबला.

तेव्हा नारायणीनं वाकळ ओढली,
कोपरापर्यंत हात घातला,
खवा, वटाणे, मेथी, सगळं बाजूला,
आणि झाकण आणून साहेबांसमोर ठेवलं.
गारेला मेथीचं एक पान चिकटलेलं.
पंचफुलेच्या काट्यावर एक्केचाळीस ग्रॅम.

भोयरांनी या हातातून त्या हातात घेतली.
"पण बाई, फ्रीजमध्ये बर्फ तर होतेच की.
ही वरूनच पडली कशावरून?"
आम्ही सगळे गप्प.
खरंच, कशावरून?
"फ्रीजचा बर्फ वाटीसारखा असते," नारायणी म्हणाली,
"ही कांद्यासारखी हाये. पाहा ना, पापुद्रे."

त्यांनी उजेडात धरली.
आत पांढरं कडं, मग काचेसारखं, मग पुन्हा पांढरं,
किती वेळा वर गेली असेल, किती वेळा खाली,
आमच्या शेतावर येण्याआधी.
एक थेंब फॉर्मवर पडला, शाई थोडी पसरली.
त्यांनी काहीतरी लिहिलं.
काय, ते दिसलं नाही.
"ठेवून द्या," म्हणाले, "वरचे साहेब येतील."

पंचनामा वर गेला, म्हणतात.
गार खालीच आहे.

आता वैशाख. बाजारात भाजी म्हणून
वाळका भोपळा आणि लवलेली वांगी.
संध्याकाळी नणंदेकडचे जेवायला आहेत,
मी पेटीत वाकले, पौषातली एक पिशवी शोधत.
बोटाला डब्याचं झाकण लागलं.
वाटलं, जरा लहान झाली का?
मागून आवाज आला,
"झाकण लाव वो आई, लवकर."