आधी ऋणाची तार

ऑक्टोबरच्या चौदा तारखेला पुन्हा तेच:
अकरा पूर्णांक आठ.
तीन आठवड्यांपूर्वी काठोकाठ भरली होती,
बारा पूर्णांक सात, मी स्वतः मोजलेले.
दिवे बंद, पंप बंद,
फ्रिजचं दार उघडं, फटीत टॉवेल.
ट्रेलर जागचा हललेलाही नाही,
स्प्रूसच्या रांगेआड उभा, धान्याच्या रिकाम्या टाकीपाशी,
जिथवर घराची वायर पोचत नाही.
बसून खाल्लं तर डोंगर पुरत नाही म्हणतात.
पण इथे खातंय कोण?

गॉर्ड मेल्निक म्हणाला, नवी घे, नेस्टर.
एकतीस वर्षं मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या.
बॅटरी अशी आपोआप मरत नाही.
तिला कोणीतरी पितं.

जनरेटर ओढत नेला, जागेवरच भरली.
आणि आज, नोव्हेंबरचा पहिला रविवार,
गुडघे टेकले बर्फाच्या चुऱ्यात.
आधी मीटरचे चिमटे लावले, मग तार उचलली,
म्हणजे प्रवाह क्षणभरही तुटू नये.
एकशे अठ्ठावीस मिलिअँपिअर.
झोपलेल्या घराचा श्वास एवढाच,
पण महिन्याभरात विहीर कोरडी.

मग एकेक फ्यूज उपटत गेलो.
जमिनीलगतची, गॅस हुंगणारी डबी: बहात्तर.
सिलिंडर कधीच शेडमध्ये नेलेत,
तरी हिचा हिरवा डोळा उघडा, पहारा चालू.
फ्रिजचा मेंदू: अडतीस. पोटात काही नाही, विचार मात्र करतोय.
उरले अठरा.

अठरा रेडिओचे.

स्टेफा कनोराची, सस्काचेवानातली.
तिकडे घड्याळाचे काटे वर्षभर कोणी हलवत नाही.
एथेलबर्टला येऊन चव्वेचाळीस वर्षं
तिने आमच्यासाठी स्वयंपाकघरातलं घड्याळ
दर मार्चला पुढे केलं, दर नोव्हेंबरला मागे.
ट्रेलरमधल्याला मात्र हात लावू दिला नाही.
इथे माझी वेळ, म्हणायची,
एवढी जागा तरी माझ्या माहेरची.
रायडिंग माउंटनला त्यापायी एका दिवसाचं भाडं जास्त भरलं आम्ही;
अकराला जागा सोडायची होती,
आणि तिच्या अकराला आम्ही निवांत अंडी तळत होतो.
मी दोन दिवस बोललो नाही.
कोणते दोन, तेही आता आठवत नाही.

रेडिओला आठवतं.
तिची वेळ, तिची सहा स्टेशनं,
तिसऱ्या बटणावर रविवारची त्सिम्बाली.
आठवण ठेवायला फार वीज लागत नाही,
फक्त ती थांबून चालत नाही.

जानेवारीत इथे उणे चाळीस.
भरलेली बॅटरी तग धरते, रिकामी गोठते, फुगते, तडकते.
हे मी गॅरेजमधल्या पोरांना ओरडून शिकवलंय.

आत गेलो. बूट न काढताच.
ती असती तर बोलली असती.
मनगटावर दहा चाळीस.
रेडिओवर दहा चाळीस.
चुकून बघितलं असेल म्हणून पुन्हा बघितलं.
मग लक्षात आलं: काल रात्री, दोन वाजता,
अख्खा मॅनिटोबा एक तास मागे सरकला
आणि तिच्याशेजारी येऊन उभा राहिला.

दहा एक्केचाळीस झाले. बेचाळीस.
बसून राहिलो, टोपी हातात.

मग चिकटपट्टी फाडली, पेन्सिलीने सहा आकडे लिहिले,
रेडिओच्या कपाळावर डकवली.
खाली अजून एक ओळ:
उन्हाळ्यात एक वजा.

बाहेर येऊन चिमटे सोडले.
काढताना आधी ऋणाची तार, मग धनाची;
लावताना ऋणाची शेवटी.

बॅटरी आता तळघरात आहे, फळीवर,
तिने घातलेल्या बिटाच्या लोणच्याच्या बरण्यांजवळ.
तीन उरल्यात.
फळीची गरज नसते, असं हल्ली सांगतात.
असू दे फळी.