वाटा

खाजकुयलीच्या शेंगा तोडायला जाताना
बाह्या मनगटापर्यंत ओढायच्या, मानेला फडकं गुंडाळायचं.
तरी एखादं कुसळ आत शिरतंच,
मग शेण लाव, राख लाव, आणि नाच.
सातवीत असताना हीच आम्ही
गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीवर पसरली होती.
आता तिचंच बी दुधात उकडून, सोलून, दळून
डॉक्टर बिवलकरबाईंच्या काट्यावर चढतं,
पाच-पाच ग्रॅम.

निम्म्या पुड्यांत कुयली.
निम्म्यांत भाजलेली नाचणी,
कडूपणापुरतं चिमूटभर काडेचिराईत, रंग तोच.
कुठल्या पुडीत काय ते मला ठाऊक नाही,
बाईंनाही नाही.
पुण्याला एका कपाटात लिफाफा आहे म्हणतात.

माझं काम दर गुरुवारी हर्णै.
स्टॉपवॉच, कोरे कागद,
रिकाम्या पुड्या मोजून परत घेणं.

हुसेनमियां पेवेकर होड्यांवर नावं रंगवायचे.
चाळीस वर्षं, पट्टी न लावता,
हलत्या होडीवर सरळ रेघ.
आता होडी ओढून वाळूत उभी असते
आणि हलतो तो हात.
मी म्हणतो, चाचा, मधून सुरू करून
बाहेर बाहेर जाणारी गोगलगाय काढा.
ते काढतात. मग कागद लांब धरून विचारतात,
"ही कोणी काढली रे?"

शेजारच्या भागीबाय चोगले
लिलावात नजरेनं पापलेटचे वाटे घालायच्या.
त्यांचा अंगठा तर्जनीवर दिवसभर घासत असतो,
नोटा मोजाव्यात तसा.
"कोणाचं देणं आहे एवढं," त्या म्हणतात,
"मोजून सरतच नाही."

नवव्या गुरुवारी मी तासभर आधी पोचलो.
केळशीचा रस्ता मोकळा मिळाला, एवढंच कारण.
पडवीत स्टीलचं ताट.
दोघांच्या आठवड्याच्या पुड्या त्यात ओतलेल्या,
भागीबाय बोटानं कालवत होत्या,
हाताच्या थरथरीनं आपोआपच छान मिसळत होतं.
मग त्यांनी दोन ढीग केले,
एकातली चिमूट दुसऱ्यात, पुन्हा त्यातली यात.
आणि हुसेनमियां पाठ फिरवून बसले होते,
तोंड समुद्राकडे,
जसं होडीवर मासळी वाटताना बसतात.

"हा कोणाचा?"
"तुझा."
"आणि हा?"
"मग माझाच की, राहिला कोण."

मला पाहून दोघंही लपवायला उठली नाहीत.
उठायला तशीही त्यांना वेळ लागतो.

"तूच सांगितलंस ना अंगठा घेताना," भागीबाय म्हणाल्या,
"एकाला खरं मिळणार, एकाला पीठ.
आम्ही म्हटलं, निम्मं निम्मं."
"कधीपासून?"
"पहिल्या आठवड्यापासून."

मी पायरीवर बसलो.
दोन महिन्यांच्या गोगलगायी पिशवीत होत्या.
गेल्या तिनांचा काठ जरा कमी कातरलेला,
की मलाच तो कमी दिसावासा वाटत होता,
त्यासाठी तर तो लिफाफा.
अडतीस माणसांतून दोन वजा.
बाई चिडणार नाहीत, चष्मा काढून डोळे चोळतील,
ते जास्त वाईट.

तरी स्टॉपवॉच काढलं.
हुसेनमियां खुर्चीतून उठून तुळशीपर्यंत जाऊन आले,
भागीबायच्या तुळशीपर्यंत, बावीस सेकंद.
भागीबायनी बोटं दहादा टेकवली,
सातव्याला अडकली, शिवी दिली, पुढे गेली.

फॉर्मात चौदावा रकाना: नियमभंग, असल्यास.
मी लिहिलं, "वाटा."
बाई मूळच्या सोलापूरच्या, सासर इकडचं असलं तरी.
खोडलं. खाली लिहिलं,
"दोन रुग्णांनी औषध एकत्र केले,"
आणि दोघांचे अंगठे पुन्हा घेतले.
हुसेनमियांचा जरा घसरला,
शाई फॉर्मच्या कडेपर्यंत गेली,
चांगली लांब, जवळजवळ सरळ.

ताटाच्या काठाला राहिलेलं
भागीबायच्या मांजरीनं चाटून घेतलं.
तिची नोंद कुठे करायची ते
छापील फॉर्मात नाही.